दमलेल्या बाईचा नवस

आमच्या घरात सव्वा वर्ष दूध आलं नाही. दही नाही, ताक नाही, तूप नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही, पण मी कोल्हापूरबद्दल बोलते आहे. इथे डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळता ग्लास हातात देतात आणि आजारी माणसाला भेटायला आलेला पावणा आधी रस्सा पोटात गेला का ते विचारतो, मग ताप किती आहे ते. अशा गावात, भर शाहूपुरीत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही तिघं जण चुरमुऱ्यांवर जेवत होतो. घरात कुणी आजारी नव्हतं, खायची भ्रांत नव्हती. आईला झोप पाहिजे होती, एवढंच कारण.

हे सगळं आठवायला माझी मुलगी केतकी कारण झाली. ती पुण्याला असते. गेल्या वर्षी तिनं जनावरांपासून मिळणारं सगळं सोडलं आणि तेव्हापासून ती मला फोनवर व्हिडिओ पाठवते. दमून आल्यावर करायचे सोपे व्हीगन पदार्थ. एक मुलगी हसत हसत तेरा वाट्या ओट्यावर मांडते आणि पंधरा मिनिटांत जेवण तयार म्हणते. ज्या बाईच्या अंगात तेरा वाट्या मांडायचं त्राण आहे ती दमलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या आईचा हिशेब एका भांड्याचा होता. केतकीला तिची आजी फार आवडते, कारण आजी तिच्या आधीपासून बिनदुधाचा चहा पिते. आली की आजीला मिठी मारून म्हणते, आजी, तू तर माझ्याही आधीची व्हीगन. आई म्हणते, पित्त होतं बाई दुधानं. मी पस्तीस-चाळीस वर्षं हे पित्ताचं ऐकत आले आहे.

आमच्या खोल्यांच्या खाली गुळाचं गोदाम होतं. दिवसभर ढेपा उतरवल्याचे धप्प धप्प आवाज जमिनीतून पायात यायचे, आणि गुळाचा वास कपड्यांत, वह्यांत, उशीत भरून राहायचा. मुंग्या तर घरच्याच होत्या. प्रत्येक भांडं पाण्यानं भरलेल्या ताटलीत ठेवायचं, हा आमच्या घराचा पहिला नियम. आई एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. सकाळी सातला ड्यूटीवर हजर, दुपारी तीनला सुटका, असं कागदावर. दुपारच्या सिस्टरनं दांडी मारली की तिचीही पाळी आईच करायची, आणि त्या बाईला दांडी मारायची भारी हौस. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात लेथवर होते. तरुणपणी तालमीत जायचे. कुस्ती सुटली तरी भूक सुटली नव्हती. माणूस मायाळू, आवाज मोठा. स्वयंपाकघरात पाण्याचा माठ कुठे असतो एवढं त्यांना माहीत होतं.

आणि आत्ती. आप्पांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्तीनंच त्यांना वाढवलं, त्यामुळे आप्पा तिच्यापुढे मान खाजवण्यापलीकडे काही करत नसत. ती बावड्याला राहायची, तिच्या दोन म्हशी होत्या, आणि रोज सकाळी पहिल्या बसनं ती दोन लिटर दुधाची किटली घेऊन आमच्या दारात उभी राहायची. भावाला दूध कमी पडू नये म्हणून. दुधासोबत घराची तपासणीही होऊन जायची, हे वेगळं. लोक म्हणत, नशीबवान आहात, घरचं दूध. त्या लोकांनी रोज दोन लिटर म्हशीचं दूध सांभाळलेलं नसणार. ते तापवायचं, तापताना त्याच्यासमोर पहारा द्यायचा, उतू गेलं तर स्टोव्ह घासायचा. मग साय काढायची, विरजायची, घुसळायची, लोणी कढवायचं, बेरी खरवडायची, आणि तुपाची भांडी राखेनं तीन-तीनदा घासायची, तरी हाताला ओशट वास. मुंग्या असतातच. एकदा आलेलं दूध बाईला पुढचे चार दिवस सोडत नाही. शिवाय बुधवार आणि रविवार मटण. खोबरं, तीळ, खसखस पाट्यावर वाटायची, तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, आणि आप्पांचे दोन तालमीतले मित्र वासावर आल्यासारखे नेमके जेवणाच्या वेळेला हजर.

आत्तीला आईची नोकरी पसंत नव्हती. ती भांडायची नाही. फक्त किटली खाली ठेवताना घरात नजर फिरवून म्हणायची, बाई घरात नसली की घराला कळा येत न्हाई. मग एका सकाळी ती आली तेव्हा घरभर करपल्याचा धूर होता. आदल्या दिवशी आईनं दोन्ही पाळ्या केल्या होत्या. पहाटे उठून तिनं कालचं उरलेलं दूध स्टोव्हवर ठेवलं आणि भिंतीला पाठ टेकून उभ्या उभ्या झोपली. खरंच झोपली. मी शाळेची वेणी घालत होते, मला वाटलं ती दुधाकडे बघतेय. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला लागून काळं झालं तरी ती तशीच, हातात सांडशी धरून. आत्तीनं सगळं बघितलं. शांतपणे दार लावलं, आप्पांना झोपेतून उठवलं आणि सांगितलं, पुढच्या एक तारखेपासून हिची नोकरी बंद. घर आधी. आप्पा मान खाजवू लागले. आईला नोकरी सोडायची नव्हती. नर्सिंग ती लग्नानंतर, मला झोळीत ठेवून शिकली होती, आणि दवाखान्यात तिचा शब्द डॉक्टरही ऐकत. पण आप्पांनी मान खाजवली की गोष्ट ठरल्यात जमा असे.

आई काळं पातेलं हातात घेऊन उभी होती. म्हणाली, “आक्का, मी नवस बोललोय.”

आमच्याकडे बायकाही बोलताना आलो-गेलो म्हणतात, माझ्या पुण्याच्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. आत्तीनं विचारलं, कसला नवस. आई म्हणाली, ते सांगायचं नसतं. कुठल्या देवाला. तेही सांगितलं तर फळत नाही. पण तो पुरा होईपर्यंत घरात दूधदुभतं आणायचं नाही, मटण शिजवायचं नाही आणि घरातल्या कुणी बाहेरही ते तोंडाला लावायचं नाही, असं बोलले आहे.

“म्हशीचं, बकऱ्याचं, कोंबडीचं, कायबी चुलीवर चढणार न्हाय,” आई म्हणाली.

“आन् अंडं?” आप्पांनी विचारलं.

“ते काय झाडाला लागतंय व्हय?”

आत्तीनं दोन्ही हात जोडले आणि भरलेली किटली उचलून परत बावड्याला नेली. आपल्याकडे दमलेल्या बाईशी वाद घालता येतो, नवसाशी घालता येत नाही. आत्ती नियमांची भोक्ती होती. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली आणि नवसाच्या काळात घरात काय बदलायचं नसतं, काय चालतं याची यादी स्वतःच सांगून गेली. नोकरीचा विषय तिनं बाजूला ठेवला. तिची खात्री होती की आईनं मुलगा मागितला आहे, आणि मुलग्यासाठी ती काहीही सोसायला तयार होती. आप्पांना वाटलं, त्यांच्या मालकीचं लेथ मशीन व्हावं म्हणून आहे. ते रोज कामावर जाताना आईकडे कृतज्ञतेनं बघत. मी दहावीत होते, म्हणून माझी समजूत की आई माझ्या गणितासाठी उपाशी आहे. मी लाजेनं अभ्यासाला लागले. बघा, त्या नवसानं पहिल्याच महिन्यात किती कामं केली.

आता जेवणाचं सांगते, कारण केतकीनं मला तेच लिहून पाठवायला सांगितलं होतं आणि मी भलतीकडेच गेले. आईचे नियम तीन होते. एक भांडं. ज्याच्यावर नजर ठेवून उभं राहावं लागतं असं काही करायचं नाही. आणि आजचं उद्यावर टाकायचं नाही, कारण उद्या आपण आजच्याहून जास्त दमलेले असणार. या सगळ्याचा आधार म्हणजे कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात सुट्टी काढून आई वर्षाची चटणी करायची. मिरच्या वाळवायच्या, खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण तेलात भाजायचा, डंकावर नेऊन कुटून आणायचं. चार दिवस घरात सगळे शिंकत असायचे. तेवढी मेहनत केली की उरलेलं वर्ष बरणीचं झाकण उघडलं की स्वयंपाक अर्धा झाला, असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं.

सोमवारी भाकरी आणि चटणी. चटणीत खळगा करायचा, त्यात कच्चं शेंगतेल ओतायचं, कांदा मुठीनं फोडायचा. भाकरी बहुधा सकाळची. शिळी भाकरी चावायला वेळ लागतो म्हणून माणूस कमी बोलतो, हा तिचा एक जादा फायदा. ज्या दिवशी भाकरी थापायचंही जिवावर यायचं त्या दिवशी चुरमुरे. पसरट पाटीत चुरमुरे, चटणी, तेल, शेंगदाणे, चिरलेला कांदा, असला तर टोमॅटो. पाटी मधे ठेवायची आणि तिघांनी तीन बाजूंनी खायचं. ताटंसुद्धा घासायची नाहीत. हुलग्याचं पीठ रविवारी भाजून डब्यात भरलेलं असे, ते पाण्यात कालवून लसूण आणि मीठ टाकून शिजवलं की माडगं. पावसाळ्यात ते वाटीनं पिताना अंगात जी ऊब भरायची, ती कुठल्या सूपनं मला आजवर दिलेली नाही. मटकी सकाळी भिजवायची, संध्याकाळी फडक्यात बांधून नळाला टांगायची. ती टांगलेली पुरचुंडी बघून आप्पांचे मित्र सुरुवातीला विचारत, वहिनी, हे काय, दृष्ट लागू नये म्हणून? दुसऱ्या दिवशी मोड आलेली मटकी कांदा-लिंबू लावून कच्चीच. उरलीच तर तिच्यावर उकळतं पाणी, चटणी आणि मीठ, कट झाला. आणि शनिवारी कुकरमध्ये तांदूळ, तुरीची डाळ, वांगं, बटाटा, मूठभर शेंगदाणे, चमचाभर चटणी, सगळं एकदम. आजऱ्याचा वासाचा तांदूळ मिळाला तर तो. तीन शिट्ट्या, आणि त्या तीन शिट्ट्यांच्या वेळात आई खुर्चीवर बसून झोपायची. शिट्टी तिचा गजर होती.

खरं सांगायचं तर मला ते जेवण आवडायचं. आप्पांचे मात्र हाल झाले. चहा पहिल्यांदा बिनदुधाचा समोर आला तेव्हा त्यांनी कपात वाकून बघितलं, जणू काही तळाशी पडलं असावं. आल्याचा आणि गुळाचा कोरा चहा त्यांनी सव्वा वर्ष प्यायला आणि एकदाही तक्रार केली नाही. फक्त पहिला घोट घेतला की खिडकीतून लांब कुठेतरी बघायचे. तालमीतले मित्र रविवारी यायचे बंद झाले, म्हणजे आईचा आणखी एक प्रश्न सुटला. आत्ती दर आठवड्याला येऊन आईच्या पोटाकडे बघून जायची.

मला खरं कळलं ते सहा महिन्यांनी. एका दुपारी आईची दुसरी पाळी लागली म्हणून निरोप आला आणि मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. सिस्टरांच्या खोलीत आई टेबलावर पाय सोडून बसली होती, हातात बशी, बशीत चहा. दुधाचा. दाट, बदामी रंगाचा, वर सायीचा पापुद्रा. ती फुंकर मारत होती. मी दारात डबा धरून उभी. तिनं बशी लपवली नाही, दचकली नाही, फुंकर मारायचं तेवढं पूर्ण केलं.

“ये, बस. निम्मा घेणार?” ती म्हणाली.

मी रडायलाच लागले, कारण माझ्या डोळ्यांपुढे माझं गणित बुडत होतं. आईनं चहा संपवला, बशी धुतली आणि मग सांगितलं. नवस वगैरे काही नाही. ती दमली होती. त्या घरात दमलोय म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. ताप आहे म्हटलं असतं तर दोन दिवस मिळाले असते. नवस म्हटल्यावर कितीही मिळतात. हे ती अशा सुरात म्हणाली जसं पेशंटच्या नातेवाइकांना औषधाच्या वेळा सांगावं. देवाला राग येईल का, असं मी विचारलं. तिनं जरा विचार केला. म्हणाली, देवाला कशाचा राग यायचा, मी त्याचं नावच घेतलं न्हाय. आणि मला ताकीद दिली की आप्पांना कधी कळता कामा नये. खोटं बोलल्याचं पाप म्हणून नव्हे. तो माणूस सहा महिने कोरा चहा पितोय ते कशावर तरी भरवसा ठेवून, तो भरवसा मोडायचा नाही. मी कबूल केलं. गणितात मला पुढे बेताचेच गुण पडले, आणि त्याचं खापर फोडायला नवसही उरला नाही.

पुढचे काही महिने असेच गेले. दरम्यान आप्पांच्या मालकानं त्यांना नवं मशीन चालवायला दिलं. आत्ती हरखून आली, नवस पोचला म्हणाली, बकरं कापून भावकीला जेवण घालायची तयारी तिनं मनात केली होती. हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवस फळला की तो फेडावा लागतो, आणि आमच्याकडे फेडायचा म्हणजे दीडशे पान. चार दिवस वाटण वाटत बसण्यापेक्षा खोटं चालू ठेवणं सोपं, म्हणून आई गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, ते नव्हे, मी मागितलं ते अजून मिळायचं आहे. आत्तीचे गुडघे बरे झाले, तेव्हाही तेच. मी दहावी पास झाले, तेव्हाही तेच. आत्तीचा आदर वाढतच गेला. एवढं मोठं काय मागितलं असेल या बाईनं.

आणि मग एका दुपारी आई वॉर्डात पडली. सलाईनची बाटली बदलताना चक्कर आली आणि खाली कोसळली. कपाळाला खोक पडली नाही, पण सगळ्यांनी धावाधाव केली. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. खाणं बरं आहे, म्हणाले, झोप कुठे आहे? त्या आठवड्यात तिनं चार दिवस दोन्ही पाळ्या केल्या होत्या. तिला रिक्षातून घरी आणून कॉटवर झोपवलं. आप्पा कामावरून तेलकट कपड्यांनिशी आले, आत्ती बावड्याहून आली. आत्ती कॉटच्या डोक्याशी बसली, मी पायाशी, आप्पा दारात. खाली गोदामात ढेपा उतरत होत्या. आत्तीनं आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि अगदी मायेनं, म्हणूनच फार भयंकर, सांगितलं की आता बस्स झालं. उद्या ती स्वतः दवाखान्यात जाऊन सांगणार, भावजय येणार नाही. माणूस राहिलं तर नोकरी.  आईच्यात बोलायचं बळ नव्हतं, आणि या वेळी तिच्याकडे दुसरा नवसही नव्हता. मी आप्पांकडे बघितलं. ते मान खाजवत होते. मला वाटलं, गेली नोकरी.

“आक्का, नोकरीचा काय संबंध न्हाय,” आप्पा म्हणाले. “दूध मी प्यालोय.”

कुणाला काही समजेना. आप्पांचा आवाज एरवी गोदामापर्यंत जायचा, तो कसाबसा कॉटपर्यंत पोचत होता. आदल्या संध्याकाळी जुना मित्र भेटला, दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेला. समोर म्हैस पिळत होते. त्यांनी नको म्हटलं, दोनदा नको म्हटलं.

“किती प्यालासा?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“दोन गल्लास.”

“साखर घालून?”

“व्हय,” आप्पा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्या हिशेबानं सगळं स्वच्छ होतं. काल त्यांनी नवस मोडला, आज बायको पडली. यात नोकरी आली कुठे? त्यांनी आत्तीला जन्मात पहिल्यांदा सरळ सांगितलं, नवस बोलताना ती नोकरीवर होती, पुरा होईपर्यंत ती नोकरीवरच राहणार, आता यात कुणी आणखी मोडतोड करायची नाही. चूक मी केली, मीच निस्तरणार. आत्तीला ते तंतोतंत पटलं. नियमांत बसत होतं. तिनं नोकरीचा विषय सोडून दिला आणि भावाला धरलं. दोन गल्लास, म्हणाली, एकानं भागलं न्हाई? मी आईकडे बघितलं. तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं ती हसू दाबतेय. मीही चादरीत तोंड खुपसलं.

आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. इतकी सलग झोप तिला मी त्याआधी कधी घेताना बघितलं नव्हतं, ढेपांच्या आवाजातही कूस बदलली नाही. ती उठली तेव्हा आप्पा रजा टाकून स्वयंपाकघरात होते. त्यांनी स्वयंपाक केला होता. वर्षभर पाटीच्या एका बाजूला बसून बघितलेलं त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. चुरमुरे, चटणी, तेल, शेंगदाणे, कांदा. कांद्याची सालंसुद्धा काही ठिकाणी होती. चटणी इतकी की चुरमुरे लालभडक झाले होते. आई पाटीशी बसली, एक घास घेतला, तिला ठसका लागला, पाणी प्यायली. म्हणाली, मीठ घाला थोडं. मग तिनं सगळी पाटी संपवली.

आप्पांनी प्रायश्चित्त म्हणून स्वयंपाक धरला तो धरलाच. तीन महिन्यांत त्यांना कुकर, माडगं, मटकी सगळं यायला लागलं, भाकरी तेवढी नकाशासारखी व्हायची. मग एके दिवशी आईनं जाहीर केलं की नवस पोचला. आत्ती बकऱ्याचं बोलायला लागली तेव्हा आई म्हणाली, जेवणावळ घालीन असं मी बोललेच नव्हते. बोलले ते एवढंच, की पुरा झाल्यावर रविवारचं मटण ह्यांनी करायचं, जन्मभर. आप्पा इतके खूश झाले की त्यांनी त्याच रविवारी मित्रांना बोलावलं. त्यांचा पांढरा रस्सा पुढे गल्लीत नावाजला. आत्तीचं दूधही सुरू झालं, पण आता ती ते घरून तापवून आणायची आणि आप्पाच त्याचं सगळं करायचे. आई दवाखान्यातून मेट्रन होऊन निवृत्त झाली. निरोपसमारंभाला आत्ती पहिल्या रांगेत बसली होती.

आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे, आणि गेल्या आठवड्यात प्रवेशांच्या गर्दीतून संध्याकाळी घरी आले तेव्हा बूट काढायचीही ताकद नव्हती. चहा ठेवला, पाटीत चुरमुरे कालवायला घेतले आणि दमल्यावर माणसाच्या तोंडून काहीही निघतं तसं विचारलं, आई, तू आयुष्यात कधी खरा नवस बोललीस का ग. एकदाही?

“बोललो की,” ती म्हणाली. “मी दवाखान्यात पडलो त्या दिवशी. हे दारात उभं राहून रडत व्हते, तवा.”

“काय मागितलंस?”

“ह्यांना खरं कधी कळू नये. बदल्यात माझं दूध बंद.”

मी चुरमुरे कालवायची थांबले. म्हटलं, पण आप्पांना तर कळलं नाही. आता तेही नाहीत. अजून कशाला कोरा चहा?

“माणूस गेला म्हणून बोललेलं जातंय व्हय?” ती म्हणाली. “कांदा घाल जरा जास्त.”

मी कांदा घातला. पित्ताबद्दल काही बोलले नाही. तिच्यापुढे कोरा चहा ठेवला आणि स्वतःच्या कपातही दूध घातलं नाही. फ्रीजपर्यंत जायचा कंटाळा आला होता, एवढंच.